आश्रय आणि अधिकार

दारीं आलेल्यास विन्मुख पाठवूं नये, ही शिकवण आपल्याकडे घरोघरीं लहानपणापासून मिळते. आपला देश शरणागतांस थारा देणारा आहे, असें आपण व्यासपीठावरून अभिमानानें सांगतों, आणि तें बव्हंशीं खरेंहि आहे. परंतु आश्रय देणें ही एक गोष्ट आणि आश्रिताचा अधिकार मान्य करणें ही दुसरी. पहिलीचा उगम यजमानाच्या मनांत असतो, दुसरीचा कायद्यांत. मन बदलतें, यजमानहि बदलतो. मग आश्रितानें कोणाकडे पाहावें? आंतरराष्ट्रीय संस्था निर्वासितांस धान्य, तंबू व औषधें पुरवितात, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचें मुख्य कार्य मात्र या प्रश्नाचें उत्तर देणें हें आहे, असें आमचें मत आहे. आणि तें पटवून देण्यास परदेशांतील उदाहरण शोधावयास नको. कोल्हापुराजवळचें वळिवडें पुरेसें आहे.

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनी व रशिया या दोन सत्तांनीं पोलंड वांटून घेतला. १९४० पासून रशियन सरकारनें पूर्व पोलंडांतील लक्षावधि माणसें मालगाड्यांत घालून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि प्रदेशांत नेऊन टाकलीं. १९४१ च्या जूनमध्यें जर्मनीनें रशियावरच हल्ला केला तेव्हां वारें फिरलें. ३० जुलै १९४१ च्या करारामुळें त्या लोकांची सुटका सुरू झाली, आणि १९४२ सालीं त्यांपैकीं एक लक्षाहून अधिक लोक, सैनिक व नागरिक मिळून, इराणांत पोंचले. तेथून त्यांची पांगापांग झाली: कोणी पूर्व आफ्रिकेंत, कोणी मेक्सिकोंत, कोणी न्यूझीलंडांत. नवानगरच्या जामसाहेबांनीं बालाछडी येथें पोलिश मुलांस आसरा दिला, आणि १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत वळिवडें येथें सुमारें पांच हजार लोकांची छावणी उभी राहिली. त्यांत मुख्य भरणा बायका, मुलें व वृद्ध यांचा होता. छावणींत शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, बालवीरांचीं पथकें हें सर्व होतें, आणि आंतला कारभार पोलिश लोकच पाहत.

येथवरची कथा आतिथ्याची आहे, व ती पुष्कळदां सांगितली जाते. पुढची कथा क्वचितच ऐकूं येते. या लोकांचा खर्च लंडन येथें असलेलें पोलिश सरकार करी. १९४५ च्या जुलैंत ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सा येथील नव्या सरकारास मान्यता दिली. म्हणजे एका दिवसांत पांच हजार माणसांचें सरकार नाहींसें झालें. ज्या पूर्व पोलंडांतून त्यांपैकीं बहुतेक आलीं होतीं, तो मुलूखहि रशियाच्या हद्दींत गेला होता. परत जावें तर घर परक्या राज्यांत, आणि न जावें तर पोसणार कोण? अशा वेळीं त्यांचा भार संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन संस्थेकडे आला. ४४ राष्ट्रांनीं ९ नोव्हेंबर १९४३ रोजीं स्थापिलेल्या या संस्थेस 'उन्रा' म्हणत, व तिच्या स्थापकांत हिंदुस्थानहि होता.

उन्राचा कल लोकांस मायदेशीं परत पाठविण्याकडे होता. परंतु १२ फेब्रुवारी १९४६ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें ठरविलें कीं, ज्यास परत जाण्यास सबळ हरकत असेल त्यास बळेंच धाडूं नये. १९४७ पासून तें काम हातीं घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनें अशा लोकांस नवे देश मिळवून देण्याची खटपट केली. १९४८ सालीं वळिवड्याची पोलिश छावणी रिकामी झाली. कांहीं लोक पोलंडास गेले. पुष्कळसे इंग्लंडास, पूर्व आफ्रिकेस, आणि पुढें ऑस्ट्रेलियास. या माणसांस एकदां जबरीनें मालगाडींत घालण्यांत आलें होतें. पुन्हां तसें होणार नाहीं, हें अभिवचन त्यांस धान्याहून कमी मोलाचें नव्हतें.

त्याच बराकींत मग फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें राहावयास आलीं. कापडाच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें गांधीनगर तें हेंच. कल्याणजवळच्या लष्करी छावणींतहि असेच सिंधी बांधव उतरले होते, व १९४९ सालीं तिचें नांव उल्हासनगर असें ठेवण्यांत आलें. छप्पर तेंच, हालहि थोडेफार तेच. परंतु सिंधी कुटुंबांचा भार कोणत्याहि आंतरराष्ट्रीय संस्थेनें घेतला नाहीं, कारण हीं माणसें स्वतःच्याच राष्ट्रांत आलीं होतीं. त्यांच्यासाठीं दिल्लींत पुनर्वसनाचें स्वतंत्र खातें होतें, दाद मागण्यास न्यायालय होतें, आणि लौकरच मताचा अधिकार मिळाला. वळिवड्याच्या पोलिश विधवेस यांतलें कांहींच नव्हतें. नागरिकास जें त्याचें राज्य देतें, तें राज्य हरवलेल्या मनुष्यास दुसऱ्या कोणीं तरी द्यावें, यासाठींच या संस्था आहेत.

नांव नोंदवून कागद देणें हें या कार्याचें मूळ आहे. राष्ट्रसंघानें १९२१ सालीं नॉर्वेचे प्रवासी व शास्त्रज्ञ नान्सेन यांस निर्वासितांचे आयुक्त नेमिलें. राज्यक्रांतीनंतर देशोधडीस लागलेल्या रशियन लोकांचें नागरिकत्व तेथील सरकारनें काढून घेतलें होतें, व कागदावांचून त्यांस सरहद्द ओलांडतां येईना. १९२२ सालीं नान्सेन यांनीं त्यांच्यासाठीं एक प्रवासपत्र काढलें, आणि पुढें पन्नासांहून अधिक सरकारांनीं तें मान्य केलें. आजची संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक उच्चायुक्त कचेरी १९५० च्या डिसेंबरांत स्थापन झाली, आणि २८ जुलै १९५१ चा करार हा तिच्या कामाचा पाया झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळें छळ होईल अशा साधार भीतीनें जो देशाबाहेर पडला तो निर्वासित, असा त्यांतील व्याख्येचा आशय आहे; आणि जेथें जिवास वा स्वातंत्र्यास धोका असेल तेथें त्यास परत धाडूं नये, असें तेहतिसावें कलम सांगतें. कचेरीचे लोक आलेल्यांची नोंद करतात, हकीकत तपासतात, ओळखपत्र देतात, आणि मग तीन वाटांपैकीं एक शोधतात: स्वेच्छेनें मायदेशीं परतणें, आश्रयाच्या देशांतच स्थायिक होणें, किंवा तिसऱ्या देशांत वसणें.

सुमारें दीडशे राष्ट्रांनीं हा करार किंवा त्याची १९६७ ची पुरवणी स्वीकारली आहे. भारतानें स्वीकारलेली नाहीं. सहीवांचूनच आपण पुष्कळ केलें, असें यावर उत्तर देण्यांत येतें, आणि तें खोडून काढतां येणार नाहीं. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटि माणसें आलीं. त्यांच्या साहाय्यासाठीं पत्रांवर पांच पैशांचें जादा तिकीट लावावें लागे, हें घरांतील वडील माणसांस आठवत असेल. तिबेटी लोकांस आपण ठिकठिकाणीं वसविलें. आजच्या गोंदिया जिल्ह्यांत १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. युरोपाकडे पाहून लिहिलेला करार आपल्या सरहद्दींस कितपत लागू पडेल, ही शंकाहि अगदींच निराधार नाहीं.

तरीहि मूळ प्रश्न राहतोच. तिबेटी मनुष्याची नोंद आपलें सरकार करतें. म्यानमारमधून आलेल्या मनुष्याचा भरंवसा मात्र उच्चायुक्तांच्या दिल्ली येथील कचेरीच्या कार्डावर असतो, आणि त्या कार्डास आपल्या कायद्याचें बळ नाहीं. १९९६ सालीं चकमा लोकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, घटनेचें एकविसावें कलम प्रत्येक मनुष्याच्या जीविताचें रक्षण करतें, मग तो नागरिक असो वा नसो. परंतु परकीय नागरिकांविषयींच्या २०२५ च्या नव्या कायद्यांतहि 'निर्वासित' असा वेगळा वर्ग नाहीं. कांहीं समाजांस सरकारी आदेशानें सूट मिळते; आणि आदेशानें मिळालेलें आदेशानें जाऊंहि शकतें.

'देशाबाहेर पडलेला' ही अट निर्वासिताच्या व्याख्येंत आहे, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ व हिंसा यांमुळें घर सुटलेल्या लोकांची जगांतील संख्या १२ कोटि ३२ लक्ष होती, आणि त्यांपैकीं ७ कोटि ३५ लक्ष आपापल्या देशांतच होते. देशांतल्या देशांत विस्थापित झालेल्यांसाठीं १९९८ सालीं संयुक्त राष्ट्रांपुढें मार्गदर्शक तत्त्वें मांडण्यांत आलीं. पण तीं बंधनकारक करार नव्हत. मोठ्या प्रकल्पांमुळें होणाऱ्या विस्थापनाचाहि त्यांत उल्लेख आहे, आणि हा विषय आमच्या पनवेल तालुक्यांतील वाचकांस पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. नवी मुंबईसाठीं ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. १९८४ च्या जानेवारींत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत, जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं ज्या विमानतळाचें उद्घाटन झालें, त्याच्यासाठीं तालुक्यांतील दहा गांवें उठलीं. या दुःखाची व युद्धांतून पळालेल्याच्या दुःखाची आम्ही बरोबरी करीत नाहीं. परंतु येथील गांवकऱ्यांस जें मिळालें तें त्यांनीं मागितल्यामुळें मिळालें, आणि मागतां आलें तें ते या देशाचे नागरिक होते म्हणून. निर्वासितास मागण्यासाठीं उभें राहण्यापुरतीहि स्वतःची जागा नसते.

सर्व भार आंतरराष्ट्रीय संस्थांवर टाकून मोकळें होतां येईल काय? उच्चायुक्त कचेरीचा बहुतेक पैसा ऐच्छिक देणग्यांतून येतो. २०२५ सालीं मोठ्या देणगीदारांनीं हात आंखडतांच तिला हजारों नोकर कमी करावे लागले. जी संस्था स्वतःच दुसऱ्यांच्या मर्जीवर चालते, ती आश्रितास मर्जीच्या जांचांतून कायमचें सोडवूं शकत नाहीं. तें काम प्रत्येक राष्ट्राच्या कायद्याचें आहे. भारत १९९५ पासून या कचेरीच्या कार्यकारी समितीवर बसतो. अशा देशानें आपल्या घरीं निदान तीन गोष्टी लेखी कराव्या: निर्वासित कोणास म्हणावें, त्याची चौकशी कोणीं व किती दिवसांत करावी, आणि ती पुरी होईपर्यंत त्यास परत धाडूं नये. यानें सरहद्दीच्या सुरक्षिततेस बाध येतो असें आम्हांस वाटत नाहीं. कोण आला व कां आला याची नोंदच नसणें हेंच अधिक धोक्याचें आहे.

आमचे विद्यार्थी सहलीस कोल्हापुरास गेल्यावर त्यांनीं महावीर उद्यानांतील पोलिश लोकांचें स्मारक अवश्य पाहावें. आपल्या लोकांच्या सौजन्याची ती पावती आहे, व तिचा अभिमान वाटणें योग्यच. तेथून गांधीनगर फार दूर नाहीं. तेथेंहि जावें, आणि १९४५ च्या जुलैनंतर त्या पांच हजार माणसांस एकटें सौजन्य पुरलें असतें काय, याचा विचार करावा. आमच्या मतें पुरलें नसतें. आणि म्हणूनच हा कायदा आपल्या देशांत लौकर व्हावा, असें आम्हांस वाटतें.