नावाचे भाडे आणि न वाचलेला कागद

सायबर गुन्ह्यांविषयी सरकार जनतेला जो उपदेश करते, त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येईल: तुम्ही सावध असता तर फसला नसता. ज्याच्या दुकानाचे कुलूप रात्री फोडले गेले त्याला कोणी असे ऐकवीत नाही. परंतु ज्याच्या नावाचे कुलूप कागदाने उघडले गेले, त्याला मात्र चोरापेक्षा आधी स्वतःच्या अज्ञानाबद्दल ओशाळावे लागते. हा न्याय कोणता?

हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेले जालना पोलाद आणि बियाणे यांच्या मोठ्या धंद्यासाठी ओळखले जाते. त्या मोठ्या कंपन्यांकडे वकील आहेत, संगणक विभाग आहे; त्यांची काळजी आपण करण्याचे कारण नाही. त्यांच्या सावलीत जो लहान धंदा वाढला आहे त्याची गोष्ट वेगळी. अंबडकडचा मोसंबीच्या कलमांचा रोपवाटिकावाला, भोकरदनकडचा मिरचीचा व्यापारी, मोंढ्यातला अवजारे विकणारा, अशांनी गेल्या काही वर्षांत गावातल्याच एखाद्या हुशार मुलाकडून संकेतस्थळ बांधून घेतले. पत्ता छापला, फोन छापला, ई-मेल छापला. आणि नेमक्या त्याच ई-मेलवर एके दिवशी इंग्रजी पत्र येते.

पत्रातला मजकूर साधारणपणे ठरलेला असतो. आपल्या डोमेन नावाची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, मुदत अमुक तारखेला संपत आहे. ताबडतोब रक्कम न भरल्यास नाव जाईल. तारीख अगदी बरोबर असते, आणि तीच पाहून माणूस घाबरतो. वास्तविक तारीख बरोबर असण्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या नावाची मुदत कधी संपते याची नोंद सार्वजनिक असून ती जगात कोणालाही पाहता येते. बरे, पैसे भरले की होते काय? पुष्कळदा ते मुदतवाढीचे पत्र नसतेच; नाव एका नोंदणी कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याची ती संमती असते. माणूस आपल्याच हाताने आपले नाव परक्याच्या वहीत चढवतो आणि वर दामदुप्पट पैसेही देतो. तळाशी बारीक टाइपात ‘हे बिल नाही’ असे लिहिलेले असते, म्हणजे कायद्याच्या बाजूने पत्र पाठविणारा मोकळा!

कोणी म्हणेल, हे सारे चिल्लर भामट्यांचे उद्योग आहेत. तसे नाही. कॅनडातून चालणाऱ्या ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या कंपनीने हाच धंदा राजरोस केला. अशा फसव्या मुदतवाढ-पत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर डिसेंबर २००३ मध्ये कारवाई केली. तरीही, तिच्या नावाने पत्रे पाठविली जात असलेल्या नोंदणी कंपनीला ‘आयकॅन’ने तात्पुरते निलंबित केले ते थेट जुलै २०१४ मध्ये. मधली साडेदहा वर्षे कोणाच्या खिशातून गेली?

ही ‘आयकॅन’ म्हणजे १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली, जगातल्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था. तिच्या व्यवस्थेचे मर्म आपल्या दुकानदाराला कोणी सांगितलेले नसते: डोमेन नाव विकत मिळत नाही, ते खंडाने मिळते. ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या प्रत्येक नावामागे ‘व्हेरिसाइन’ ही एकच अमेरिकन कंपनी वर्षाला घाऊक दराने रक्कम घेते. सप्टेंबर २०२४ पासून तो दर १०.२६ डॉलर आहे. ‘डॉट इन’ची वही आपल्या देशात ‘निक्सी’ ही संस्था ठेवते. जो स्वतःला मालक समजतो तो खरे पाहता कूळ आहे. आणि ज्या कुळाला आपला जमीनदार कोण हेच ठाऊक नाही, त्याच्याकडे कोणीही येऊन खंड मागू शकतो.

दुसरे पत्र चीनमधून आल्याचे भासवले जाते. तुमच्याच नावाने चिनी व आशियाई डोमेन नावे घेण्यासाठी एका कंपनीने अर्ज केला आहे, पहिला हक्क तुमचा, सत्वर कळवा. भोकरदनच्या मिरचीवाल्याला चीनमध्ये कोण प्रतिस्पर्धी असणार? परंतु भीतीला भूगोल कळत नाही. ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, कोणतीही खरी नोंदणी कंपनी एकाचा अर्ज आला म्हणून दुसऱ्याची परवानगी विचारीत बसत नाही. याशिवाय शोधयंत्रात नाव चढविण्याची फी मागणारे आहेत, मोठ्या किमतीला नाव घेतो म्हणून आधी मूल्यांकनाचा दाखला विकत घ्यायला लावणारे आहेत. सगळ्यांची जात एकच.

या सर्वांहून गंभीर बाब निराळी आहे आणि तिची चर्चा कोणी करीत नाही. संकेतस्थळ बांधणाऱ्या मुलाने नोंदणी पुष्कळदा स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ई-मेलवर केलेली असते. वाईट हेतूने नव्हे, सोयीसाठी. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना देणे नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे. त्या सूचना जातात त्या मुलाकडे, जो कदाचित आता पुण्यात नोकरीला असेल. धंदेवाल्याच्या हाती पडते ते फक्त खोटे पत्र. खरा कागद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि मग त्याने खरे-खोटे ओळखायचे ते कशावरून?

१८७५ साली सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांची घरे लुटण्यापेक्षा रोखे जाळण्यावर भर दिला. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून जमीन गेली होती, हे त्यांना पक्के कळले होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला; त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर करण्याची तरतूद होती. (जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात, त्याला हा कायदा लागू नव्हता.) म्हणजे परक्या सरकारलाही हे मान्य करावे लागले की, लिहिणारा आणि अंगठा देणारा यांच्यामध्ये कागद समजावून सांगणारा तिसरा माणूस लागतो. आजच्या स्वकीय सरकारला ते मान्य आहे काय?

बँकांसाठी मान्य आहे असे दिसते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे राखीव आवार उभारले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना त्यात स्थलांतर करावयास सांगितले. निर्णय चांगला आहे. त्याने ठेवीदाराचेही रक्षण होते. पण त्यातून एवढे सिद्ध झाले की इच्छा असेल तर राज्यसंस्था नावाचे रक्षण करू शकते. लहान धंदेवाल्यासाठी मात्र १९३० हा मदत क्रमांक, तोही पैसे गेल्यावर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण पत्र पाठविणारा परदेशात आणि बारीक टाइप त्याच्या बाजूने, तेव्हा ते कलम कोणावर लावणार? २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे नाव देवनागरीत मिळते, त्याचा गाजावाजा झाला. त्या नावाचा करारनामा मात्र बहुधा इंग्रजीतच.

मागणी मोठी नाही. ग्राहकाचे डोमेन नाव ग्राहकाच्याच नावावर नोंदविणे बांधणाऱ्यावर बंधनकारक करा. मुदतीची सूचना मराठीत द्या. जालन्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून एक दिवस असा माणूस बसवा, जो आलेले पत्र वाचून नाव कोणाच्या वहीत आहे ते पाहून सांगेल. या कामाला पाच मिनिटे लागतात. तोवर ज्यांच्या हाती असे पत्र आले असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी गेल्या वर्षीची पावती शोधावी आणि तीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे ते पत्राशी ताडून पाहावे. पावती सापडली नाही, तर ज्याने संकेतस्थळ बांधले त्या मुलाला, तो पुण्यात असला तरी, आजच फोन करावा.