बंद खोलीतले अज्ञात

मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवरचे गुन्हे सप्टेंबरअखेर मागे घेऊ, असे सरकारने 2 सप्टेंबर 2025 ला मुंबईच्या आझाद मैदानावर सांगितले आणि गुलाल उधळला गेला. हेच आश्वासन सप्टेंबर 2023 मध्ये सर्वपक्षीय बैठकीनंतर मिळाले होते, जानेवारी 2024 मध्ये वाशीलाही मिळाले होते. तिसऱ्या खेपेला तरी ते खरे होवो. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी पुढे आलेल्या हैदराबाद गॅझेटवर मी लिहिणार नाही. आमच्या वडीगोद्री फाट्यावर सध्या दर चहामागे त्यातले दोन जाणकार तयार होतात, त्यांत माझी भर नको. मला खुपले ते वेगळेच. एवढ्या वाटाघाटी झाल्या, मागण्यांचे एवढे कागद फिरले, पण 1 सप्टेंबर 2023 रोजी अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठी चालवायला कोणी सांगितले, हा प्रश्न या वेळी कोणाच्याच यादीत दिसला नाही.

त्या संध्याकाळचे सगळे पुन्हा सांगत बसत नाही, इथल्या वाचकांना ते पाठ आहे. दगड आले, पोलिसांचीही डोकी फुटली, हे मी तेव्हाही लिहिले होते आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या होत्या. पुढचा हिशेब मात्र बघा. गावकऱ्यांवर लगोलग गुन्हे दाखल झाले. शेकडो माणसे, त्यांतली काही नावानिशी, आणि कलमांत थेट 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न. पोलिसांच्या बाजूने काय? गृहमंत्र्यांनी माफी मागितली, आदेश मंत्रालयातून गेला नव्हता असे सांगितले आणि जाता जाता 1994 ची गोवारींची चेंगराचेंगरी व 2011 चा मावळचा गोळीबार काढून, तेव्हा आदेश मंत्रालयातून गेले होते का, असे विरोधकांनाच विचारले. (गोवारींच्या 114 मृत्यूंबद्दल नेमलेल्या आयोगाने कोणालाही दोषी धरले नव्हते. उदाहरण म्हणून अगदी चपखल.) पोलीस अधीक्षक तुषार दोशी यांना सक्तीच्या रजेवर पाठवले, अपर पोलीस महासंचालकांकडे चौकशी दिली. त्या चौकशीत काय निघाले, हे आमच्या फाट्यावर आजवर कोणी वाचलेले नाही. दोशी यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्यात नेमणूक मिळाली आणि 2025 मध्ये ते साताऱ्याचे पोलीस अधीक्षक होते. त्यांची चूक नसेलही. तसे असेल तर ते जाहीर न करणे हा त्यांच्यावरही अन्यायच. हैदराबादसारख्याच सातारा गॅझेटसाठी सरकारने महिनाभराची मुदत घेतली, साताऱ्याला अधीक्षक द्यायला मात्र मुदत लागली नाही.

सक्तीची रजा आणि निलंबन हा माझा जुना विषय, वाचकांना त्याचा कंटाळा आला असेल तर हा परिच्छेद ओलांडावा. निलंबित कर्मचाऱ्याला पहिले तीन महिने साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढे तो पाऊणपटीपर्यंत जाऊ शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या माणसाला असे कोणी निलंबित केले तर तो पेढे वाटेल. ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात 2004 मध्ये निलंबित झालेले पोलीस अधिकारी सचिन वाझे 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले. कारण दिले गेले करोनाकाळात मनुष्यबळ कमी पडत असल्याचे.

पण खरी तुलना परभणीची. ती सोडून मला पुढे जाता येत नाही.

10 डिसेंबर 2024 ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि पाठोपाठ धरपकड. पळणाऱ्या जमावातला कोण कोण, हे पोलिसांना तासाभरात कळले. पकडलेल्यांतच सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तिशीतला कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि तिथे 15 डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. मुख्यमंत्र्यांनी मात्र नागपूर अधिवेशनात सांगितले की, मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ठपका पोलिसांवरच आला, तरीही गुन्हा दाखल झाला नाही. आईने सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. 4 जुलै 2025 ला खंडपीठाने गुन्हा नोंदवा म्हटले. तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात! तिथे 30 जुलैला सरकारची याचिका फेटाळली, तेव्हा कुठे ऑगस्टच्या सुरुवातीला गुन्हा दाखल झाला. मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनी, दोन न्यायालये ओलांडून.

आणि तो कोणावर? अज्ञात पोलिसांवर.

रस्त्यावर हजारोंची पळापळ, त्यातली माणसे ओळखीची. आणि पोलीस कोठडी, जिथे दाराला कुलूप, कुलपाला पहारेकरी, पहारेकऱ्याची नोंद स्टेशन डायरीत, कोण कधी कामावर आला नि गेला ते हजेरीत, भिंतीवर कॅमेरा (सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच तो प्रत्येक ठाण्यात बसवायला सांगितला आहे), तिथली माणसे अनोळखी! दरोडेखोर रात्रीत शोधून काढणाऱ्या खात्याला स्वतःच्या हजेरीपटावरची माणसे सापडू नयेत, याचा राग लोकांना येतो. हा राग एका बाजूचा नाही. जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी हाके-वाघमारे या कार्यकर्त्यांचे उपोषण आमच्या वडीगोद्रीतच झाले. तो मांडव आणि अंतरवालीचा मांडव यांचे आरक्षणावर या जन्मी जुळायचे नाही. परभणीचा विषय निघाला की मात्र दोन्हीकडचे लोक एकाच सुरात बोलतात, कारण ठाण्याची पायरी दोघांनीही चढलेली आहे.

हे अंतर ठाण्यापुरतेच नाही. तहसीलमध्ये जा, तलाठ्याकडे जा. सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम 353, अशी पाटी साहेबांच्या डोक्यावर असतेच. राज्याने त्या कलमाची शिक्षा मध्यंतरी दोन वर्षांची पाच केली होती, नव्या न्याय संहितेत ती 132 कलमाखाली पुन्हा दोन झाली. पाट्या जुन्याच आहेत. लोकांच्या कामात साहेबाने अडथळा आणला तर काय, याची पाटी मी अजून शोधतो आहे. उलट, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा तर आधी सरकारची परवानगी लागते.

म्हणून गुन्हे मागे घेण्याच्या आश्वासनाकडे मला निव्वळ आनंदाने बघता येत नाही. पोरांवरचे गुन्हे जावेत, नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकणारी पोरे मी पाहिली आहेत. पण अंतरवालीचा खटला उभा राहिला असता तर पोलीस अधिकाऱ्यांना साक्षीला यावे लागले असते. शपथेवर. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलेच असते की, उपोषणाचा मांडव त्या संध्याकाळीच का हलवायचा होता, लाठीमाराआधी इशारा दिला का, आदेश कोणाचा. या प्रश्नांची उत्तरे देण्याची सक्ती असलेली ती बहुधा एकच जागा होती. खटला मागे गेला की आरोपी सुटतात आणि साक्षीदारही सुटतात. सरकार मोठ्या मनाने देते आहे त्यात स्वतःची सुटकाही बांधून घेते आहे, आणि आमच्या बाजूने सही करणाऱ्यांना ते दिसले नाही किंवा चालले.

गुन्हे मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागेल, न्यायालयाची संमती लागेल.  त्या अर्जाबरोबर 2023 च्या चौकशीचा अहवाल गावाला वाचायला द्या, एवढी एक ओळ कोणीतरी मागण्यांत घालावी. मांडव कोणताही चालेल.

— वडीगोद्रीकर