पाडव्याची रांग आणि एक रुपया दंड

गुढीपाडव्याला कोल्हापूरच्या गुजरीत सोने घ्यायला गर्दी होते, ती दरवर्षीचीच. गेली काही वर्षे याच मुहूर्तावर शहरात आणखी एक गर्दी होते, जरगनगरातल्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिराच्या दारात. शाळा महापालिकेची, माध्यम मराठी. तरीही प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांगा लावतात. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स. घरची गुढी कोणीतरी उभारील, नंबर मात्र हुकायला नको, हीच प्रत्येकाच्या जिवाला लागलेली काळजी. मराठी शाळा ओस पडल्या म्हणून जिकडेतिकडे परिसंवाद भरत असताना ही रांग लागते, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

पालकांना मुलांच्या शिक्षणात सर्वांत मोलाचे काय वाटते, याचे एक तयार उत्तर आपल्याकडे आहे. त्यांना इंग्रजी हवे, टाय-बूट हवेत, दारात पिवळी बस हवी. हे उत्तर शासनाला फार सोयीचे आहे. पटसंख्या घटली की पालकांच्या वेडावर बोट ठेवायचे आणि मोकळे व्हायचे. जरगनगरची रांग हे उत्तर खोटे ठरवते. याच शहरात इंग्रजी माध्यमाच्या शाळा पैशाला पासरी आहेत. त्या सोडून माणसे इथे उभी राहतात. त्यांना इंग्रजी नको आहे असे मुळीच नाही. इंग्रजी हवेच आहे, म्हणून तर गावोगाव सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले. पण इथेच का, असे विचारले की कोल्हापुरी उत्तर दोन वाक्यांत संपते. पहिले, ‘सर पोरांकडं लक्ष देत्यात.’ दुसरे, ‘स्कॉलरशिपला पोरं येत्यात.’

यातले पहिले वाक्य कारण आहे आणि दुसरे त्याचा पुरावा. आपण धोरणाच्या चर्चेत दुसऱ्यावरच रेंगाळतो, म्हणून आधी पहिल्याविषयी बोलू.

लक्ष देणे म्हणजे काय, ते दुसरी-तिसरीच्या वहीत दिसते. 52 वजा 27 असे गणित आहे आणि मुलाने उत्तर लिहिले आहे 35. बाकीची गणिते पाहिली तरी तोच प्रकार. मूल हुशार आहे. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर त्याने सातातून दोन काढले आणि पुढे गेले. लाल फुली मारून वही परत करणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली हे मूल चौथीपर्यंत असेच चुकत राहते आणि पाचवीत आपल्याला गणित येत नाही असे स्वतःच ठरवून टाकते. लक्ष असलेला शिक्षक त्याला जवळ घेतो, पाच दशकांतला एक दशक मोडून दाखवतो, काड्यांची जुडी सोडून त्याच्या हातात देतो. पाच मिनिटांचे काम. पण ती पाच मिनिटे मिळायला शिक्षक वर्गात असावा लागतो, समोर मुले आवाक्यातली असावी लागतात, आणि एकाच वेळी चार इयत्ता त्याच्या गळ्यात असता कामा नयेत. बापाला अपूर्णांक येत नसतील, पण आपल्या पोराकडे कोणी पाहते की नाही हे त्याला आठवडाभरात कळते. मूल घरी येऊन शिक्षकांचे नाव किती वेळा घेते, यावरून आईलाही कळते.

आता पुराव्याकडे. शिष्यवृत्ती परीक्षेचे वेड कोल्हापूर जिल्ह्याइतके क्वचितच कुठे असेल. दीड-दीड तासात नव्हे, मुलांच्या अख्ख्या वर्षात ही परीक्षा पसरलेली असते. मराठी, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता चाचणी. दोन पेपर, 300 गुण. 2016-17 मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली, तरी जादा तास काही सुटले नाहीत. भुदरगड, राधानगरी, कागलच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेचे शिक्षक सकाळी सातला शाळा उघडतात, दिवाळीच्या आणि रविवारच्या सुट्ट्या सोडतात, सराव पेपर स्वतःच्या खिशातून छापून आणतात. यासाठी त्यांना जादा पगार मिळत नाही. या शिक्षकांचे ऋण जिल्ह्याने मान्य केलेच पाहिजे. शेतमजुराचे पोर राज्याच्या गुणवत्ता यादीत येते, चौकात त्याचा फलक लागतो आणि त्या घराला आयुष्यात पहिल्यांदा गावाकडून मान मिळतो. त्याचे मोल शिष्यवृत्तीच्या रकमेत मोजता येणार नाही.

तरीही एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण ती फलकावर दिसत नाही. चाळीसच्या वर्गातून दहा-बारा मुले जादा तासाला निवडली जातात. उरलेल्यांचे काय? त्यांचे आईबापही त्याच रांगेत त्याच रात्री उभे होते. ज्या लक्षासाठी ते उभे राहिले ते निवडलेल्यांच्या वाट्याला गेले, आणि वजाबाकीत अडलेले मूल मागच्या बाकावर तसेच राहिले. पालकांना हवे होते लक्ष. मोजायला सोपे म्हणून आपण त्यांच्या हाती यादी दिली. शाळेची किंमत यादीवर ठरू लागली की शिक्षकही नाइलाजाने यादीत येणाऱ्यांकडेच वळतात. हा दोष एकट्या शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. यादीपलीकडे शाळेला काही विचारण्याची सवय ना पालकांना लागली, ना अधिकाऱ्यांना.

वेगळे विचारणारे पालक याच शहरात आहेत, हेही नोंदवले पाहिजे. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये इथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या या बाईंनी प्राथमिक शाळा काढली आणि मुलांना स्पर्धेच्या धाकाशिवाय, अनुभवातून, मातृभाषेत शिकवून दाखवले. तिथे मुलगा घालणाऱ्या पालकांना नातेवाइकांचे प्रश्न झेलावे लागले असणारच. 2020 मध्ये लीलाताई गेल्या. त्यांची शाळा आणि जरगनगरची शाळा यांच्या रीती वेगळ्या आहेत, पण दोन्हीकडे पालक ज्यासाठी येतात ते एकच आहे : माझ्या मुलाला ओळखणारा मोठा माणूस त्या इमारतीत असावा.

आणि आता राजर्षी शाहूंच्या कायद्याविषयी, कारण कोल्हापुरात हा विषय त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून मागणी केली. गोखल्यांचे विधेयक 1912 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात पडले. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून टाकला. मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड. त्या काळच्या शेतमजुराला हा रुपया चांगलाच जड होता. पण महाराजांना ठाऊक होते की गुरामागे जाणारे पोर म्हणजे घरातले दोन कामाचे हात, ते सहजासहजी कोणी सोडणार नाही. म्हणून दंडाच्या आधी त्यांनी आपली बाजू भरून काढायला घेतली होती. 1901 पासून एकेका समाजाचे वसतिगृह उभे राहिले, व्हिक्टोरिया मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क. कुंभोजचे भाऊराव पाटील याच शहरात जैन बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम निघाला. पालकाकडून रुपया मागणाऱ्या राजाने आधी स्वतःची तिजोरी मोकळी केली होती.

शंभर वर्षांत पारडे पुरते फिरले आहे. ज्या संस्थानात मुलांना शाळेत घालावे म्हणून आईबापांना दंड बसवावा लागला, तिथे आज आईबाप शाळेसाठी रात्र काढतात. आपल्या बाजूचे त्यांनी सगळे केले. कसूर झाली असेल तर ती आता दुसऱ्या बाजूला शोधायला हवी, आणि ती शोधायला फार लांब जावे लागत नाही.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याच्या 26 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ देऊ नयेत. पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये, असे 27 वे कलम सांगते; जनगणना, आपत्ती आणि निवडणूक तेवढी वगळली आहे. प्रत्यक्षात शिक्षकाचा दिवस पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, सर्वेक्षणे आणि कुठल्या ना कुठल्या ॲपवर फोटो चढवण्यात जातो. भरती रखडली म्हणून जुलै 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना 20 हजार रुपयांवर तात्पुरते बोलावण्याचा निर्णय झाला. दुर्गम वाडीतल्या पालकाला यातून कोणता निरोप गेला असेल? तुमच्या पोराला कायमचा शिक्षक मिळेलच असे नाही, एवढाच. मग त्याने पोटाला चिमटा काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेची फी भरली, तर त्याला वेडा म्हणण्याचा अधिकार कोणाला उरतो?

फेब्रुवारी 2024 मध्ये तर शासनाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला गरिबांसाठीच्या 25 टक्के जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये हा बदल रद्द केला. घराजवळच्या शाळेत मुलाला पाठवा, हा विचार मुळात चांगलाच आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या आयोगाने 1966 च्या अहवालात परिसर शाळेची कल्पना मांडली होती. पण त्यात श्रीमंताचे आणि गरिबाचे पोर एकाच बाकावर बसायचे होते, आणि ती शाळा कोणालाही पाठवावीशी वाटेल इतकी चांगली करायची होती. फक्त गरिबाला घराजवळच्या शाळेत कोंडायचे आणि तिथे शिक्षक द्यायचा नाही, हे नाईकांच्या जिल्ह्याने तरी मान्य करू नये.

जरगनगरच्या शाळेचा अभिमान बाळगताना तिच्यासमोरची रांग ही शहराची शोभा मानू नये. प्रत्येक प्रभागातल्या महापालिका शाळेत तेवढेच लक्ष मिळाले असते, तर कोणाला एकाच दारात रात्र काढावी लागली नसती. एकीकडे प्रवेश संपले म्हणून माणसे परत जातात आणि त्याच महापालिकेच्या इतर शाळांत बाक रिकामे राहतात. यातला फरक भिंतींचा वा संगणकांचा फारसा नाही. त्या शाळेत वर्षानुवर्षे टिकलेल्या शिक्षकांचा आहे. त्यांनी काय केले, कसे केले, त्यांना कोणती मोकळीक मिळाली, हे बाकीच्या शाळांपर्यंत नेणे हे प्रशासनाचे काम आहे.

पालकांनाही एक जागा कायद्याने दिलेली आहे आणि ती बहुतेक ठिकाणी सहीपुरतीच वापरली जाते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. रांगेत रात्र काढणाऱ्यांनी या समितीच्या सभेसाठी एक संध्याकाळ काढावी. जूनमधल्या पहिल्याच सभेत चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे फाटकावरच्या फळ्यावर लिहायला लावावीत : मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या वर्षी आमचे शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होते, आणि जादा तासाला न निवडलेल्या मुलांसाठी यंदा काय ठरवले आहे.