तुम्ही मोजत नसाल, तर आम्ही मोजू

ज्या कंपनीची गाडी मी चौदा महिन्यांपूर्वी साडेअकरा लाख रुपये देऊन घेतली, त्या कंपनीच्या व्यवस्थापनाला, तिच्या डीलरला आणि त्या डीलरच्या सर्व्हिस सेंटरला या जाहीर इशाऱ्याद्वारे कळवण्यात येतं की आजपासून तीस दिवस तुमच्या हातात आहेत. एकतिसाव्या दिवशी काय होईल ते पुढे लिहिलं आहे. कंपनीचं नाव इथं घातलेलं नाही. नावानिशी लिहिलेलं पत्र स्पीड पोस्टानं गेलं आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे, आणि चोराच्या मनात चांदणं या न्यायानं ज्याचं त्याला कळेलच.

जूनमधला रविवार होता. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडीत आई, बायको आणि मागच्या सीटवर झोपलेली मुलगी. खंबाटकीचा चढ निम्म्यावर आला आणि इंजिन बंद पडलं. आचका नाही, धूर नाही, आधी एखादा दिवा लुकलुकला असंही नाही. एकदम सगळे दिवे लागले आणि आवाज थांबला. मागे सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक. ब्रेक पहिल्यांदा दाबला तेव्हा लागला, तिसऱ्यांदा पायाखाली लाकडाचा ओंडका असावा तसा कडक झाला. हँडब्रेक ओढून धरला तरी गाडी तसूतसूनं मागे सरकत होती. ट्रकमधून क्लीनर पोरगा उडी मारून उतरला, कठड्याजवळचा धोंडा उचलून आणला आणि मागच्या चाकाला लावला. सहा एअरबॅगा आहेत म्हणून ही गाडी घेतली होती. त्या दिवशी आमच्या कामी आला तो धोंडा.

पण हा इशारा घाटातल्या त्या दहा मिनिटांबद्दल नाही. यंत्र आहे, बिघडतं. एवढं समजण्याइतका मी मोठा झालो आहे. राग आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जे घडलं त्याचा. सल्लागारानं जॉब कार्डवर लिहिलं, ‘ग्राहकाचं म्हणणं : स्टार्टिंग प्रॉब्लेम’. मी म्हटलं, अहो, स्टार्टिंगचा प्रश्नच नाही, चालती गाडी बंद पडली. तो म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये तेवढाच ऑप्शन आहे.” दोन दिवसांनी गाडी धुऊनपुसून हातात दिली. फ्युएल पंप नवा, बिल शून्य, स्कॅनरमधला एरर पुसलेला. वर, “काका, वॉरंटीत बसवून दिलंय, आता टेन्शन घेऊ नका.”

मी टेन्शन घेतलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, टोलच्या रांगेत, जिथं जिथं आपलं मॉडेल दिसलं तिथं काच खाली करून विचारत गेलो. बायको म्हणाली, लोक तुम्हाला एजंट समजतील. समजोत. आज आम्ही सतरा जण आहोत. सतराही गाड्यांची इंजिनं चालता चालता बंद पडली आहेत. आणि सतरापैकी एकाच्याही जॉब कार्डावर ‘चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं’ हे पाच शब्द नाहीत. कुठं ‘पिकअप कमी’, कुठं ‘जनरल चेकअप’, एका ठिकाणी तर ‘ग्राहकाला शंका’.

हे शब्द का महत्त्वाचे, ते कायदा वाचल्यावर कळतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आलं. रस्त्यावरच्या माणसांना अपाय होईल असा दोष गाडीच्या एखाद्या प्रकारात असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. मग कंपनीनं एकतर दुरुस्त करून द्यायची, नाहीतर तशीच किंवा त्याहून चांगली गाडी द्यायची, नाहीतर पूर्ण किंमत परत करायची. शिवाय दंड. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तो १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातो. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना हे लागू आहे. मात्र हे चक्र फिरायला लागतं कशानं? चाचणी संस्थेच्या अहवालानं, अन्य एखाद्या मार्गानं आलेल्या माहितीनं, किंवा मालकांच्या तक्रारींनी. आणि त्या तक्रारींना संख्येची अट आहे. विक्रीच्या प्रमाणात ठराविक आकडा गाठला पाहिजे.

म्हणजे फुकटात पंप बदलून गुपचूप घरी जाणारा प्रत्येक मालक त्या आकड्यातून एकानं वजा होतो. तुमच्या काउंटरवरचा तो ‘ऑप्शन’ आळसानं ठेवलेला असेल किंवा हुशारीनं. परिणाम एकच आहे.

शब्दानं माणसं मरतात याचा पुरावा हवा असेल तर जनरल मोटर्सचं प्रकरण उघडून पाहा. शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांमध्ये किल्लीचा स्विच ढिला होता. गुडघा लागला, किल्लीला जड जुडगा असला, की किल्ली आपोआप मागे सरकायची; चालतं इंजिन बंद, आणि त्याबरोबर एअरबॅगाही निकामी. तक्रारी २००५ च्या सुमारासच आल्या होत्या. कंपनीच्या अभियंत्यांनी त्यांना सुरक्षेच्या खात्यात न टाकता ‘ग्राहकाच्या सोयी’च्या खात्यात टाकलं. चालती गाडी बंद पडणं म्हणजे गैरसोय, बस. पुढे स्विच बदलला तोही सुट्या भागाचा क्रमांक न बदलता, त्यामुळे जुना कुठला, नवा कुठला हे शोधणाऱ्याला सापडू नये. गाड्या परत बोलावल्या २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख. भरपाईच्या निधीनं मान्य केलेले मृत्यू १२४. पुढच्या वर्षी ९० कोटी डॉलर भरून कंपनीनं फौजदारी खटल्यातून सुटका करून घेतली. खातं चुकलं, त्याची ही किंमत. ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ हे त्याच खात्याचं मराठी बारसं आहे.

दोष नेमका शोधून काढणं अशक्य आहे, असं मात्र आम्हाला सांगू नका. जुलै २०२१ मध्ये महिंद्रानं नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्या तपासायला बोलावल्या. कारखान्यात आलेलं इंधन दूषित असल्याचा आणि त्यानं इंजिनाच्या भागांवर परिणाम झाल्याचा संशय होता. गाड्या कोणत्या? २१ जून ते २ जुलै या बारा दिवसांत बनलेल्या. कंपनीला कळायचं असलं की असं तारखेनिशी कळतं. होंडानं एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या आणि इंजिन बंद पडू शकतं किंवा सुरूच होणार नाही, हे उघड सांगितलं. पंपाच्या आत इम्पेलर नावाची प्लॅस्टिकची चकती असते. हलक्या प्रतीची असली तर ती इंधन शोषून फुगते, वेडीवाकडी होते, पंपाच्या आवरणात अडकते. पंप थांबला की इंजिनाला इंधन नाही. मारुती सुझुकीनं मार्च २०२४ मध्ये ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन आर याच जातीच्या दोषासाठी बोलावल्या. त्या गाड्या बनल्या होत्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात. साडेचार वर्षं त्या रस्त्यावर धावल्या, याला उशीर म्हणतात. तरीही या कंपन्यांनी निदान तोंड उघडलं, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. तुम्ही सतरा पंप मुकाट्यानं बदलले.

तुमची उत्तरं आम्हाला पाठ आहेत. पेट्रोलमध्ये भेसळ होती. इथेनॉलनं झालं असेल. पाण्यातून गाडी नेली होती का? बाहेरून हॉर्न बसवलाय ना, वायरिंगला हात लागला. पेट्रोल पंपवाला कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी पंपाकडे, आणि मधल्या मधे मालकाच्या तोंडाला पानं पुसली जातात. भेसळ असेल तर टाकीतल्या इंधनाचा नमुना का घेतला नाही? आणि दोष आमचा होता तर साडेअकरा लाखांच्या ग्राहकावर एवढी माया का, की महागडा पंप एक पैसा न घेता बदलून दिलात?

आता आमच्या मागण्या. सतराही जॉब कार्डं दुरुस्त करून, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं असं स्पष्ट लिहून, शिक्क्यानिशी द्या. काढलेल्या आणि बसवलेल्या पंपाचे क्रमांक द्या. हा दोष तुम्ही केंद्र सरकारला कळवला आहे की नाही याचं उत्तर हो किंवा नाही या शब्दांत द्या. कळवला नसेल तर कळवा. स्वतःहून कळवणाऱ्या कंपनीला कायदा दंड माफ करतो, म्हणजे तुमच्यासाठी अजून दार उघडं आहे. ज्यांनी ही गाडी जुन्या बाजारातून घेतली त्यांनाही शोधून पत्र पाठवा. पहिल्या मालकाच्या पत्त्यावर पाकीट टाकलं की जबाबदारी संपली, हे चालणार नाही. उत्तर लेखी हवं. फोन नको, ‘साहेब भेटायला बोलावतायत’ नको, आणि पुढची सर्व्हिस मोफत असल्याचं कुपन तर अजिबात नको.

परिवहन मंत्रालयालाही एक वाक्य : वाहन पोर्टलवर अशा दोषाची तक्रार नोंदवण्याची सोय तुम्ही केलीत, तर मग कोणत्या मॉडेलच्या किती तक्रारी आल्या तेही लोकांपुढे मांडा. अमेरिकेत हे कुणालाही घरबसल्या पाहता येतं.

आणि ज्यांची गाडी अजून बंद पडलेली नाही त्या मालकांनो, तुम्हालाही सक्त ताकीद आहे. चालत्या गाडीत इंजिन गेलं तर किल्ली पूर्ण बंद करू नका, स्टिअरिंगला कुलूप लागू शकतं. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकची मदत एकदोन दाबांपुरतीच उरते, म्हणून एकदाच, दाबून, सोडायचा नाही. चारही इंडिकेटर लावा, गाडीच्या वेगातच डावी बाजू गाठा, सगळ्यांना खाली उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून सर्व्हिस सेंटरला फोन लावत राहणारे मी पाहिले आहेत. मी स्वतः तेच करत होतो, त्या क्लीनरनं ओरडून उतरवलं.

मग काउंटरवर : एरर पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, किलोमीटरचा फोटो, आणि जॉब कार्डावर तुमचेच शब्द. ते लिहीत नसतील तर नुसती सही करू नका. सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा. आर.सी. बुकावरचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का ते आज रात्रीच पाहा. ‘सर्व्हिस कॅम्पेन’, ‘सॉफ्टवेअर अपडेट’ असं गोड बोलून काही बदललं तर काय बदललं ते लेखी मागा.

सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिक पोरांवर आमचा राग नाही. पोरांनो, कोणता पंप कितव्यांदा बदलतोय हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ह्युंदाईच्या इंजिनांतला दोष अमेरिकी सरकारपुढे नेला तो कंपनीतल्याच किम ग्वांग-हो या अभियंत्यानं, २०१६ मध्ये. त्याची नोकरी गेली. २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून २१ कोटी डॉलरच्या समझोत्यावर आल्या, आणि पुढच्या वर्षी तिथल्या सरकारनं किमला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. आमच्याकडे बक्षीस द्यायला पैसे नाहीत. तुमचं नाव मात्र आमच्या तोंडून कधीच बाहेर पडणार नाही.

आता एकतिसावा दिवस. शोरूमची काच फुटणार नाही. गाडीला गाढवं जुंपून बँड लावून वरातही निघणार नाही. त्यानं फोटो छापून येतो आणि गाढवांचे हाल होतात. त्या दिवशी आम्ही सतरा जण वाहन पोर्टलवर सतरा तक्रारी नोंदवू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नं दिलेला आहे. तिथं अर्ज जाईल. आणि ग्राहक आयोगात कलम ३५ खाली, समान हित असलेल्या सर्व मालकांच्या वतीनं, एकत्र तक्रार दाखल करण्याची परवानगी मागू. तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात आम्हाला यावं लागत नाही; २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथं दाद मागता येते. दहा ते वीस लाखांच्या मालासाठी एकट्या ग्राहकाच्या तक्रारीची फी ४०० रुपये आहे. तुमच्या एका फ्लोअर मॅटपेक्षा कमी. पंपाची तपासणी प्रयोगशाळेत व्हावी अशी मागणीही त्यातच असेल, आणि त्यासाठी एक जुना पंप आमच्याकडे सुरक्षित आहे. तो कसा राहिला याचा विचार तुम्ही करा.

याच मॉडेलचे मालक असाल आणि तुमचीही गाडी अशीच बंद पडली असेल, तर जॉब कार्ड शोधून ठेवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि ती घटनेच्या दिवसापासून चालू झालेली आहे.

कंपनीची मुदत एकतिसाव्या दिवशी सकाळी दहाला, तिचं कार्यालय उघडतं त्या वेळेला, संपेल. वाढवून मिळणार नाही.