कुंपणच शेत खाऊ नये म्हणून

बांधावर काटेरी वेल लावावी, तिने मोकाट गुरे अडवावीत आणि वर चार पैशांचे फळही द्यावे, हा विचार आपल्या भागातील शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तारेच्या कुंपणास रोख पैसा पडतो, दगड रचावयास मजूर लागतात; वेल मात्र एकदा रुजली की आपल्या आपण वाढते. रासबेरी, ब्लॅकबेरी अशा नावांची रोपे हल्ली विकतही मिळतात. या विचाराचे आम्ही विरोधक नाही. तथापि जी वेल आपल्या आपण वाढते, तिला थांबविण्याचे काम धन्याकडेच येते. यास्तव आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्या रोपाचे शास्त्रीय नाव व संपूर्ण वर्णन विकणारा देत नाही, ते रोप कोणत्याही शेतकऱ्याने बांधावर लावू नये. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. वेल घेताना तिचे वर्णन पाहावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. या मताची कारणे पुढे देत आहो.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने अँडीज पर्वताची प्रचंड रांग गेली आहे. तिच्या उतारांवरील थंड व धुकट रानांत, सुमारे १,५०० ते ३,००० मीटर उंचीवर, एक काटेरी वेल वाढते. तिचे शास्त्रीय नाव रुबस ग्लॉकस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज बेंथम या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. गुलाबाच्याच कुळातील ही वनस्पती होय. हिच्या लांब, कमानदार फांद्यांवर पांढरट मेणासारखा लेप असतो. हाताने पुसल्यास तो निघतो. फांदीवर मागे वळलेले काटे असतात. एका देठावर बहुधा तीन पर्णिका येतात व त्यांची खालची बाजू पांढुरकी असते. फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे. फळ म्हणजे अनेक लहान रसाळ दाण्यांचा एक घोस असून पिकल्यावर ते गडद तांबड्यापासून जांभळट काळ्या रंगाचे होते. तोडले असता आतील पांढरा गाभा फळाबरोबरच निघून येतो. कोलंबिया व इक्वेडोर या देशांतील लहान शेतकरी ही वेल तारांवर चढवून तिची लागवड करतात आणि फळाचा रस व मुरंबा विकतात. तिकडे त्या फळास ‘मोरा’ म्हणतात.

हिचीच एक बहीण आपल्या देशात आहे. ती रुबस निव्हिअस. आपल्याकडे हिला गौरीफळ म्हणतात आणि महाबळेश्वरची काळी रासबेरी ती हीच. हिच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरी दाट लव असते. काटे तांबूस व आकड्यासारखे वाकलेले. परंतु हिच्या एका देठावर तीन नव्हे, तर बहुधा पाच ते नऊ पर्णिका असतात. त्यांची खालची बाजू कापसासारखी पांढरी दिसते. फूल गुलाबी, लहान. फळ आधी तांबडे व मग काळे होते, आणि तोडले असता गाभा झाडावरच राहून फळ टोपीसारखे पोकळ हातात येते. पर्णिका मोजणे आणि फळ तोडून ते पोकळ आहे की भरीव हे पाहणे, एवढ्या दोन खुणांनी या दोन वेली एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात. यास भिंग नको की प्रयोगशाळा नको.

हा भेद जाणण्यावाचून शेतकऱ्याचे काय अडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पॅसिफिक महासागरात आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर त्याच देशाची गॅलापागोस बेटे आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील वस्तीकरांनी फळासाठी आशियातील रुबस निव्हिअस, म्हणजे आपले गौरीफळच, तेथे नेऊन लावले. त्यांनीही तिला ‘मोरा’च म्हटले. नाव ओळखीचे होते. झाड मात्र निराळे. पक्ष्यांनी फळे खाल्ली व बी दूरवर टाकले, तुटलेल्या बुंध्यांतून पुन्हा फुटवे आले, आणि काही दशकांत डोंगरमाथ्यावरील कुरणे, शेते व तेथील विशेष जातीची अरण्ये माणसाहून उंच काटेरी जाळीखाली गेली. झुडुपे तोडली तरी जमिनीत पडलेले असंख्य बी पुढील पावसात उगवते. जे फळ शेतकऱ्याने आपल्या हाताने आणले, त्यानेच शेतकऱ्याला कुरणातून बाहेर काढले. कुंपणच शेत खाते, ही आपली म्हण तेथे अक्षरशः खरी झाली.

दोष वेलीचा नव्हे. महाबळेश्वरास सुमारे ४,५०० फुटांची उंची आहे व वर्षास ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे ती राखलेल्या मळ्यात वाढते व तिच्या फळास गिऱ्हाईक मिळते. निफाड तालुक्यातील हवा, काळी जमीन आणि चैत्र-वैशाखातील उन्हाचा ताव यांत ती कशी वागेल, हे महाबळेश्वराकडे पाहून ठरविता येणार नाही. कदाचित ती जळून जाईल व रोपांचे पैसे बुडतील. कदाचित पाटाच्या व ठिबकच्या ओलीवर ती इतकी माजेल की शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत शिरेल. दोन्ही नुकसानी खऱ्याच आहेत. नुसते ‘रासबेरी’ हे नाव यांपैकी एकीचीही सूचना देत नाही.

हा धडा आपल्या दख्खनला नवा नाही. एकेकाळी गावोगावी कुंपणाला फड्या निवडुंग लावीत. तोही मूळचा अमेरिकेचा. तो कुंपण सोडून पडीक जमिनीत, गावठाणात व गायरानात पसरला. १७९५ साली ब्राझीलमधून बंगालमध्ये एक किडा आणण्यात आला. किरमिजी रंग देणारा मौल्यवान किडा तो हाच, अशी आणणाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो त्याच्या गोत्यातील दुसराच निघाला. रंग मिळाला नाही, परंतु निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला आणि दुसऱ्या जातीस तोंडही लावले नाही. त्या दुसऱ्या जातीसाठी १९२६ साली सिंहलद्वीपातून आणखी एक किडा आणावा लागला, तेव्हा कोठे दक्षिण हिंदुस्थानातील पुष्कळ जमीन मोकळी झाली. माणसांना सर्व निवडुंग सारखेच दिसत होते. किड्याला मात्र त्यांतला फरक बरोबर कळत होता. वर्णन न पाहता आणलेल्या वस्तूने एकदा लाभ झाला तो योगायोगाने, आणि योगायोगावर शेती करता येत नाही.

घाणेरीची कथा तशीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे फूल म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आली. आज सह्याद्रीचा क्वचितच एखादा उतार तिच्यावाचून असेल. तिची पाने खाऊन गुरे आजारी पडतात, हे गुराख्यास ठाऊक आहे. गाजर गवताची भारतातील नोंद १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाली; पुढे त्याने किती रानांचा ताबा घेतला, हे वाचकांस सांगावयास नको.

वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन हे पंडितांचे काम आहे, आपण कुणबी माणसांनी त्यात का पडावे, असा एक आक्षेप निघेल. तो आम्हांस मान्य नाही. बैल घेताना जो शेतकरी दात, खूर, शिंगे, वशिंड व चाल पाहतो, तो वर्णनच वाचीत असतो. लासलगावच्या बाजारात कांद्याचा ढीग पसरला की त्याची मान जाड की बारीक, पापुद्रा किती, रंग कसा, जोड कांदे किती, हे क्षणात पाहिले जाते. तेही वर्णनच होय. आणि जेथे डोळ्यांस काही दिसत नाही तेथे नावाच्या खरेपणावरच सर्व भिस्त असते. कांद्याचे काळे बी हातावर घेऊन ते एन-५३ आहे की एन-२-४-१ हे जाणत्यासही सांगता येणार नाही. पहिला खरिपाचा, दुसरा रब्बीचा व साठवणीचा. पिशवीवरील नाव खोटे निघाले तर त्याचा पत्ता लागतो तो डेंगळे आल्यावर किंवा चाळीत कांदा सडू लागल्यावर. तोपर्यंत हंगाम गेलेला असतो. बियाण्याच्या बाबतीत जी सावधगिरी आपण पोळून शिकलो, ती बांधावरील वेलीच्या बाबतीत आधीच का बाळगू नये?

वेलीचे वर्णन वाचताना चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, ती चढते कशाने. द्राक्षवेलीस ताणे, म्हणजे बाळ्या असतात. रुबसच्या वेलीस त्या नसतात, ती वाकड्या काट्यांनीच आधार धरून वर सरकते. म्हणून मांडवावर तिला बांधावे लागते आणि झाडात शिरली की ओढून काढणे कठीण जाते. दुसरी गोष्ट फांदीचे आयुष्य. रुबसच्या बहुतेक जातींत मूळ अनेक वर्षे जगते, परंतु फांदी बहुधा पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते व मग वाळते. हे ठाऊक नसलेला मनुष्य फळणारी फांदी छाटून वाळणारी राखील. तिसरी, ती पसरते कशी. फांदीचे टोक जमिनीस टेकताच मुळे धरते काय, मुळांतून फुटवे येतात काय, फळ पक्षी खातात काय, हे विचारावे. ज्या वेलीची या तिन्ही प्रश्नांस ‘होय’ अशी उत्तरे येतील, ती बांधावर राहणार नाही असे समजून चालावे. चौथी, तिचे मूळ स्थान कोणते, तेथील उंची, पाऊस व थंडी किती.

या कसोटीस आपल्याच रानातील वेली लावून पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. चिल्हार व सागरगोटा या दोन्ही काटेरी, चढणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या वेली आहेत आणि त्यांत नेहमी गल्लत होते. चिल्हाराची शेंग काटेविरहित असते. सागरगोट्याची शेंग काट्यांनी भरलेली असून आत राखी रंगाचे टणक गोटे निघतात. कुंपणास दोन्ही उपयोगी. शिकेकाईची काटेरी वेल शेंगांचे उत्पन्नही देते. करवंदाची जाळी गुरे अडविते व पोरांस रानमेवा देते. या वनस्पतींवर उपजीविका करणारे कीटक व त्यांचे शत्रू दोन्ही येथेच नांदतात. त्यामुळे त्यांचा माज आवरता राहतो. तरीही आपल्या म्हणून त्या सर्वत्र निरुपद्रवी, असे मात्र नव्हे. आपला चिल्हारच दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील रानांस जाच देत आहे. वनस्पती जन्मतः साधू किंवा चोर नसते. ती कोठे लावली यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून बांध साफ करण्याच्या उत्साहात जुनी कुंपणे सरसकट जाळून त्यांच्या जागी अनोळखी रोपे लावणे, हा आम्हांस दुहेरी तोटा वाटतो.

आता प्रत्यक्ष काय करावे? रोप घेताना पावतीवर त्याचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. ‘विदेशी बेरी’ एवढ्यावर समाधान मानू नये. नाव मिळाले तरी फूल व फळ येताच एक फांदी कागदात दाबून वाळवावी आणि कृषी विज्ञान केंद्र, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे कार्यालय यांच्या जाणकारांस दाखवावी. नव्या वेलीची पाच-दहा रोपे घराजवळ, नजरेच्या टप्प्यात लावून तीन पावसाळे पाहावीत. मगच बांधाचा विचार करावा. बांध दोघांचा असतो, म्हणून शेजाऱ्याची संमती घ्यावी. वेलीला हद्दीच्या खुणा समजत नाहीत. आणि आपल्या संस्थेने एक नोंदवही ठेवावी, जीत सभासदाने लावलेल्या प्रत्येक नव्या झाडाचे नाव, वर्णन, आणल्याचे ठिकाण व तीन वर्षांचे वर्तन लिहिले जाईल. या वहीस फारसा खर्च येणार नाही. पुढील पिढीस मात्र ती बियाण्याच्या कणगीइतकी मोलाची ठरेल.

नवे फळ, नवी वेल, नवा प्रयोग यांवाचून शेती पुढे जात नाही. द्राक्ष आपल्या जिल्ह्यात रुजले व फळले ते प्रयोग करणाऱ्यांमुळेच. प्रयोगास आमचा आशीर्वाद आहे. परंतु प्रयोगात आपण काय लावले हे करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्यांना बांधावर काही लावावयाचे असेल, त्यांनी खड्डे घेण्याच्या आधी त्या रोपाचे नाव व वर्णन मिळवावे, आणि ते मिळत नसेल तर यंदाचा पावसाळा खड्डे मोकळे राहू द्यावेत. मोकळा खड्डा पुढील वर्षी भरता येतो. रुजलेली काटेरी वेल मात्र नातवाच्या हातूनही सहजी उपटली जात नाही.