तिसरीपासून एआय येतंय, पण दिवाळीनंतर वर्गात असणार कोण?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीच्या मुलांनाही एआय आणि 'कॉम्प्युटेशनल थिंकिंग' शिकवायचं. सीबीएसईने त्यासाठी आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच वाद सुरू झाला. शाळेत कॉम्प्युटर नाहीत आणि एआय कसलं शिकवताय?

मुद्दा खोटा नाही. यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांमध्येच कॉम्प्युटर आहेत. पण मी बीड जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत शिकलोय, आणि मला खरी अडचण दुसरीच दिसते. कॉम्प्युटर नसला तरी निभावता येतं. मूलच वर्गात नसेल तर काय करायचं?

तुम्ही बीडचे नसाल तर थोडक्यात सांगतो. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुलं एकतर सोबत कोपीवर जातात, नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजीपाशी राहतात. माझ्या बेंचवरचा दोस्त दरवर्षी नोव्हेंबरात जायचा. एका वर्षी तो परत आला तेव्हा अपूर्णांक संपून दशांश सुरू झाले होते. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. त्यानंतर राहिला नाही.

कोडिंगचे बहुतेक कोर्स शिडीसारखे असतात, पाचवा धडा कळायला चौथा लागतो. ही शिडी चार महिने गैरहजर राहणाऱ्या मुलाला खालीच सोडते. म्हणून इथे एका तासात सुरू होऊन त्याच तासात संपणारे खेळ पाहिजेत.

असे खेळ आहेत, आणि जुने आहेत. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून 'सीएस अनप्लग्ड' नावाने कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स शिकवतायत. गेल्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा ओळखीच्या एका मॅडमच्या वर्गात त्यातला एक करून पाहिला. अर्धे बेंच रिकामेच होते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर १६, ८, ४, २, १ असे ठिपके काढले आणि पाच पोरांना एकेक कार्ड देऊन उभं केलं. ठिपके दाखवले तर १, कार्ड उलटं धरलं तर ०. तेरा कसे दाखवाल? थोडी ढकलाढकली झाली, मग ८, ४ आणि १ ची कार्डं वळली. ०११०१. बायनरी झालं की! ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा या पाच कार्डांत बसतो. इंजिनिअरिंगला हेच मला फळ्यावर भागाकार करून शिकवलं होतं, तेव्हा काही कळलं नव्हतं.

एआयसाठी पाला गोळा केला. एक मुलगी 'मशीन' झाली. बाकीच्यांनी तिला सीताफळाची दहा मोठी, हिरवीगार पानं दाखवली आणि मग कोवळं, इवलंसं पान पुढे केलं. मशीन म्हणालं, "हे सीताफळ नाही." पोरं हसली. मग एकजण म्हणाला, "सर, तिला लहान पानं दाखवलीच नाहीत ना." ट्रेनिंग डेटा म्हणजे काय, यावर मी ऑफिसात याहून लांब प्रेझेंटेशनं ऐकलीत. आपण गावाकडचं बोलतो तेव्हा फोनचं व्हॉईस टायपिंग भलतंच लिहितं, त्यामागेही हेच कारण असू शकतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा खेळ, उचलीचा हिशेब. मुकादम कोयत्याला आगाऊ पैसे देतो, ती उचल, आणि ती ऊस तोडून फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपये होते ते साधारण ३६६ झाले. एक लाखाची उचल जुन्या दराने फेडायला ३६६ टन लागायचे, नव्या दराने २७३ टन. (आकडे उलटेपालटे होतात ही निव्वळ गंमत, भागून पाहा.) दिवसाला दोन टन धरले तर १८३ दिवसांऐवजी १३७. मुलांकडून पायऱ्या लिहून घेतल्या: खेपेच्या पावतीवरचं वजन लिही, आधीच्या बेरजेत मिळव, दराने गुण, उचलीतून वजा कर, उरलं शून्याहून जास्त असेल तर पुढची पावती घे. लूप, अट, व्हेरिएबल सगळं यात आलं. पाचवीतल्या एकाने विचारलं, "पावती मुकादमाकडंच राहिली तर?" इनपुटच नसेल तर प्रोग्रॅम काय करणार? मॅडमनी त्यातून पुढचं काम काढलं: घरी फोन करून पप्पांना प्रत्येक पावतीचा फोटो काढून ठेवायला सांगायचं.

फोनचं म्हणाल तर असर २०२४ नुसार देशात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण इथे स्मार्टफोन आईबापासोबत फडात जातो आणि आजीकडे उरतो तो बटणांचा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ मिळवला. काम मोठंच आहे, पण कोड स्कॅन करायला हातात फोन लागतो.

झेडपी शाळांत राज्याचा अभ्यासक्रम चालतो, त्यामुळे एआय तिथे कधी आणि कोणत्या रूपात येईल हे राज्य ठरवेल. पुस्तक आलं की मी आधी नोव्हेंबर ते मार्चमधले धडे उघडणार. मागचं न शिकता त्यातला किती भाग करता येतो, ते मोजायचंय.

तुमच्या गावातल्या शाळेत हे करायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा. पाच कार्डांचा एकच संच नको, प्रत्येक पोराला एक पुरेल इतके बनवा, आणि परत मागू नका. कोपीवर जाणाऱ्याच्या पिशवीत ती मावतात.