आमवाताची नवी औषधे : आशा आणि हिशेब



आपल्याकडे गुडघा दुखला तरी ‘संधिवात’ आणि बोटे सुजली तरी ‘संधिवात’च. या एका शब्दाने पुष्कळ नुकसान केले आहे. वयोमानाने होणारी सांध्यांची झीज वेगळी आणि डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आमवात वेगळा. झिजेचे दुखणे चालल्यावर वाढते, विश्रांतीने उतरते. आमवाताचा रुग्ण मात्र सकाळी उठतो तोच आखडलेला; हातपाय मोकळे व्हायला तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती येथे स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पटींनी अधिक आणि बहुधा कर्त्या वयात सुरू होणारा. बदलापूरहून सकाळची लोकल गाठणाऱ्या किंवा उल्हासनगरात जीन्सचे शिवणकाम करणाऱ्या भगिनीसाठी तो एक तास म्हणजे त्या दिवसाची कमाईच.

असे रुग्ण असतील तरी किती? पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भिगवण येथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून लोकसंख्या ९ लाख ३३ हजारांच्या घरात होती. त्यांतले दोन तृतीयांश प्रौढ धरले, तर ग्रामीण पाहणीचा तो दर लावूनही आपल्या तीन शहरांत तीन हजारांच्या आसपास रुग्ण निघतात. अंदाज ढोबळ आहे, आणि वस्ती तर तेव्हापासून कितीतरी वाढली.

या रोगाच्या औषधांचा इतिहास आशा-निराशेचा आहे. १९२९ मध्ये फ्रान्समध्ये फोरेस्तिए यांनी चक्क सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने सुरू केली. (सोने तारण ठेवून उपचार करणारे आपण पाहिले, तेथे सोनेच टोचत होते!) १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. हेंच यांनी कॉर्टिसोन दिले आणि खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण दीर्घ वापराचे दुष्परिणामही लवकरच उघडे पडले. आजही ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा हेच स्टेरॉइड दडलेले असते. आठवडाभरात बरे वाटले की रुग्ण पुडीवाल्याचे गुण गातो, आणि इकडे हाडे ठिसूळ होत राहतात, रक्तातील साखर चढत राहते.

खरा पाया घातला तो मेथोट्रेक्सेटने. कर्करोगावरील या जुन्या औषधाला आमवातासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली, आणि आजही बहुतेक रुग्णांचा उपचार त्यापासूनच सुरू होतो. औषध स्वस्त आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. घरातील दिनदर्शिकेवर त्या वारी ठळक खूण करावी.

पुढची झेप लंडनची. लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी सांध्यांत दाह पेटवणारे टीएनएफ हे प्रथिन हेरले आणि १९९२ मध्ये त्याला अडवणारे प्रतिद्रव्य रुग्णांना देऊन पाहिले. बायोलॉजिक औषधांचे युग येथून सुरू झाले. किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडस कंपनीने ॲडॅलिमुमॅबची जगातील पहिली प्रतिकृती मूळ औषधाच्या सुमारे एक पंचमांश किमतीत बाजारात आणली. टॉफॅसिटिनिबसारख्या पोटात घ्यायच्या गोळ्याही आता भारतीय कंपन्या बनवतात. परंतु ही सारी औषधे प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात क्षयरोगाचे जंतू निद्रिस्त असतात, ते जागे होऊ शकतात. म्हणून आधी क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक. टॉफॅसिटिनिबबाबत तर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाच्या जोखमीचा इशारा दिला. वय झालेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी तो विशेष लक्षात घ्यावा.

आता थोडे माझ्या जुन्या व्यवसायाचे. बहुसंख्य आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात; महिनोन्‌महिने घरी घ्यायच्या गोळ्या-इंजेक्शनांचा भार कुटुंबावरच पडतो. पॉलिसी घेताना बाह्यरुग्ण खर्चाचे कलम वाचावे आणि आजार लपवू नये. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०डीडीबी कलमाच्या रोगयादीत आमवाताचे नाव नाही. यादी करणाऱ्यांनी एखाद्या रुग्णाच्या औषधांची बिले एकदा पाहायला हवी होती.

चातुर्मासातील तपस्येबाबतही विचारणा होते. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. निर्जळी उपवासात ते शरीरात साचण्याचा धोका असतो. स्टेरॉइड चालू असेल तर ते एकाएकी थांबवता येत नाही. चौविहार करणाऱ्यांना दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून आधी ठरवून घेता येते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी हे बोलणे व्हावे.

अगदी अलीकडची आशा प्रतिबंधाची आहे. रक्तात आमवाताची प्रतिद्रव्ये आहेत, सांधे दुखतात, पण सूज अजून आलेली नाही, अशा २१३ जणांवर ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. वर्षभर ॲबाटासेप्ट घेणाऱ्यांपैकी त्या वर्षात ६ टक्क्यांना आमवात झाला, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध थांबल्यावर आणखी एका वर्षाने हे आकडे २५ आणि ३७ झाले. बँकेच्या भाषेत, हप्ते पुढे ढकलले गेले, कर्ज माफ झाले नाही. तरीही ज्या रोगात पहिल्या काही महिन्यांचा उपचारच पुढची वर्षे ठरवतो, तेथे एवढी मुदतही मोलाची. बोटांचे सांधे सुजून सहा आठवडे झाले असतील, सकाळी मूठ वळत नसेल, तर रक्ततपासणी करून संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्यावी. अंबरनाथहून परळच्या के.ई.एम.पर्यंतचा लोकलप्रवास दगदगीचा आहे खरा. सोबतीला घरचे कोणीतरी असावे आणि जुने सगळे कागद तारखेनुसार लावून न्यावेत.